तुम्ही विचारलंत म्हणून : आधी करार बघा, मग स्टायपेंड

"पोरगा वीजतंत्री ट्रेड पास झाला. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून पैसे जास्त मिळतायत, शिकाऊ उमेदवारीत कमी. काय करू?" आयटीआयचा निकाल लागला की हा प्रश्न ठरलेला. उत्तर एका ओळीचं आहे: कंपनीबरोबरचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असेल तर शिकाऊ उमेदवारी, नसेल तर हेल्परचे पैसे बरे.

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. त्यामुळे सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांना मुलं हवीच असतात. घोळ होतो तो 'ट्रेनी' या शब्दात. गणवेश तोच, पंचिंग तेच, काम तेच, पण केंद्र सरकारच्या पोर्टलवर करार नाही. करार नाही म्हणजे शेवटच्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसता येत नाही, आणि राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्रही मिळत नाही. एचआरच्या सहीशिक्क्याचं अनुभवपत्र ही त्याची जागा घेणारी वस्तू नव्हे. म्हणून पहिल्याच आठवड्यात कराराचा क्रमांक मागा आणि पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनमधून करारातला ट्रेड आणि तारखा तपासा. वीजतंत्रीऐवजी भलताच ट्रेड पडला असेल तर तो तेव्हाच बदलून घ्या.

पैशाचं, म्हणजे शिकाऊला मिळणाऱ्या स्टायपेंडचं, थोडक्यात. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्यासाठी किमान 7,000 रुपये महिना ठरले, थेट दहावीवरून येणाऱ्यासाठी 6,000. ही किमान रक्कम आहे. कंपनी जास्त देऊ शकते. केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत नोंद असेल तर सरकारचा वाटा, म्हणजे स्टायपेंडच्या पंचवीस टक्के आणि जास्तीत जास्त 1,500, 2023 पासून थेट मुलाच्या खात्यात येतो. तो अडकतो दोन कारणांनी: बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. हे रुजू होण्याआधी निस्तरून घ्या. पीएफ कापला जात नाही, कारण कायद्याने शिकाऊ हा कामगार नसतो. मात्र कामावर इजा झाली तर भरपाई लागू होते. बाहेरगावच्या मुलाचं यात खोलीभाडं आणि मेस भागली तरी पुष्कळ.

कुठे? ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र, महावितरण, नाशिक रोडचं रेल्वेचं ट्रॅक्शन मशिन वर्कशॉप. रेल्वेत लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. शिवाय रेल्वेत उमेदवारी पूर्ण केलेल्यांना लेव्हल एकच्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीच्या, भरतीत वीस टक्के जागा राखीव असतात. खासगीत जाणार असाल तर मुलाखतीत एकच गोष्ट विचारा: पॅनेल असेंब्ली (नवे पॅनेल जोडणं) की मेंटेनन्स (देखभाल-दुरुस्ती)? असेंब्लीत वर्षभर तारांवर फेरूलच्या नळ्या घालणं आणि तारेच्या टोकाला लग, म्हणजे धातूची जोडटोपी, दाबणं होतं. हात सफाईदार होतो, पण बिघाड शोधता येत नाही. माझं मत मेंटेनन्सच्या बाजूने.

कारण तिथे स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोठी मोटर आधी कमी करंटवर सुरू करणारी पेटी, उघडून बघायला मिळतो. तीन कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढले जाणारे स्विच), एक टायमर, एक ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा). आकृती सगळ्यांना पाठ असते, पण चूक हमखास रिलेच्या सेटिंगमध्ये होते. दहा एचपीची मोटर 415 व्होल्टला साधारण 14 अँपिअर घेते. रिले मेन कॉन्टॅक्टरखाली, वाइंडिंगच्या (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीच्या) वाटेत असेल तर त्यातून त्याच्या 58 टक्के, म्हणजे सुमारे 8 अँपिअरच जातो. नेमप्लेट वाचून रिले 14 वर ठेवला की मोटर 24 अँपिअर ओढेपर्यंत तो हलत नाही, तोवर वाइंडिंग काळं. दुसरा दोष इंटरलॉकचा, म्हणजे दोन कॉन्टॅक्टर एकदम ओढले जाऊ नयेत यासाठीच्या जोडणीचा. स्टार आणि डेल्टा कॉन्टॅक्टरच्या कॉइल एकमेकांच्या एनसी (कॉन्टॅक्टर ओढला की तुटणाऱ्या) संपर्कातून नेल्या नाहीत आणि दोन्ही एकदम ओढले, की थेट तिन्ही फेजचं शॉर्ट सर्किट.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतल्या पंपांचा नेहमीचा आजारही इथेच कळतो: एक फ्यूज गेला, मोटर घुमतेय पण पाणी नाही, उरलेल्या दोन फेजवर करंट वाढतोय. एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर वैतागून बायपास केलेला असतो. असा पंप जळाला की दोष वाइंडिंग भरून देणाऱ्याच्या माथी.

मोटर जोडण्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन तपासायचं. एक मेगाओमच्या खाली असेल तर सप्लाय द्यायचा नाही, आधी सुकवायची. लग केबलच्या मापाचाच हवा. चार चौरस मिलिमीटरच्या तारेला सहाचा लग पक्कडीने चेपला तर तो महिनाभर टिकतो, मग तापतो, मग स्क्रू कितीही आवळा, उपयोग नाही. लाइन बंद आहे हे टेस्टरच्या दिव्यावर ठरवू नका. मीटर आधी चालू लाइनवर, मग बंद केलेल्या जागी, मग परत चालू लाइनवर लावा. मधल्या वेळी मीटरच बिघडलेला असू शकतो. कपॅसिटर पॅनेल बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा, मग मोजा, मगच हात घाला. आणि आयसोलेटरला (सप्लाय तोडणाऱ्या स्विचला) कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. "मी बघतो, तू कर" म्हणणारा सीनियर चहाला जातो.

रोज काय केलं ते वहीत लिहा: मोटरचा एचपी, रिलेचं सेटिंग, दोष कुठे सापडला. पुढे अनुज्ञापक मंडळाचा तारतंत्री परवाना काढायचा असेल तर प्रमाणपत्राची मूळ प्रत जपून ठेवा. बाहेरची वायरिंगची कामं परवान्याशिवाय घेता येत नाहीत.

पहिल्या दिवशी सोबत इन्सुलेटेड पक्कड, दोन मापांचे स्क्रू ड्रायव्हर, वायर स्ट्रिपर आणि सुती कपडे एवढं पुरे. मेगर आणि क्लॅम्प मीटर कंपनीचे असतात, विकत घेऊ नका. अंगठी, कडं, साखळी घरी काढून ठेवा.