तुम्ही विचारलंत म्हणून: चांगला जिवाणू कुठला?

दूध संकलन केंद्रावर विचारतात, बाजारात विचारतात, परवा तर एका तेराव्याला विचारलं. "वहिनी, पेरणीआधी बियाण्याला चोळायला चांगला जिवाणू कुठला घ्यावा? आणि त्यानं पीक वाढतं किती?" पहिल्याचं उत्तर एका नावात पाहिजे असतं आणि दुसऱ्याचं एका आकड्यात. मी जरा सविस्तर सांगायला लागले की समोरचा शेजारच्याला म्हणतो, "म्हणजे यांनाही नक्की माहीत नाही." हे ऐकून ऐकून मी थकले आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आमचं रान लातूर भागातलं. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, गोठ्यात संकरित गाई. मुळांवर गाठी धरणारा रायझोबियम, स्फुरद विरघळवणारा पीएसबी, रोगाच्या बुरशीवर चालून जाणारी ट्रायकोडर्मा बुरशी, ही पाकिटांवरची नावं तुम्हाला माझ्याइतकीच ठाऊक आहेत, जीवामृतात किती गूळ आणि किती बेसन तेही पाठ आहे. ते परत सांगत नाही.

आधी आकड्याचं. माझ्याकडे आकडा नाही. एका वर्षी पेरणी वेळेवर झाली, दुसऱ्या वर्षी ऐन शेंगा भरताना पावसानं ताण दिला, तिसऱ्या वर्षी काढणीच्या तोंडावर पाण्यात गेलं. त्यातला कुठला क्विंटल रायझोबियमचा आणि कुठला पावसाचा, हे मी कसं सांगू? जो दुकानदार "एकरी दोन क्विंटल वाढणारच" म्हणून सांगतो त्याला हे कुणी विचारत नाही. त्याच्या शब्दावर विश्वास बसतो आणि माझं "सांगता येत नाही" हा कमीपणा ठरतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आकडा नाही, पण बघून कळलेल्या काही गोष्टी आहेत. पेरून महिना-सव्वा महिना झाला की सोयाबीनचं झाड ओढून काढू नका, गाठी तुटून मातीत राहतात. खुरप्यानं खालून माती सैल करा, मुळं पाण्यात अलगद हलवा. गाठी दिसतील. त्यातली एक नखानं फोडा. आत लालसर गुलाबी रंग असेल तर ती काम करते आहे, हवेतला नत्र झाडाला देते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नुसती गाठ आहे, काम काही नाही. आमच्या वरच्या तुकड्यात पूर्वी कधी सोयाबीन झालं नव्हतं. तिथे पहिल्या वर्षी पाकीट लावलेल्या ओळींत गाठी लगडलेल्या होत्या आणि न लावलेल्या ओळींत शोधून सापडत नव्हत्या. खालच्या जुन्या रानात मात्र लावलेल्यात आणि न लावलेल्यात मला काही फरक दिसला नाही.

याचं कारण सोपं आहे. सोयाबीन मूळचं आपल्याकडचं पीक नाही. त्याच्या मुळाशी जमणारा ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम नव्या रानात सहसा नसतो, बाहेरून द्यावा लागतो. एकदा रुजला की वर्षानुवर्षं मातीत टिकून राहतो. लागलेल्या दह्याला पुन्हा विरजण लावून काय होणार? ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर या बाईंनी सोयाबीनला युरिया घालण्यापेक्षा जिवाणूंवर भर द्या, असं सरकारी शास्त्रज्ञ म्हणून सातत्यानं सांगितलं. आज तिथलं बहुतेक सोयाबीन नत्र खताशिवाय पिकतं, आणि त्याच ब्राझीलच्या पिकाकडे बघून आपल्या लातूरच्या आडतीत भाव ठरतो. उसाच्या कांड्यात राहून नत्र देणारा ॲसिटोबॅक्टरही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं 1988 साली जगापुढे आणला. आज मांजरीच्या व्हीएसआयकडून, म्हणजे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडून, आपले ऊसवाले तो नेतात.

आता कुणी म्हणेल, "आम्ही लावलं, काहीच झालं नाही." होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण पाकिटात जिवंत काय होतं? कायद्यानं एक ग्रॅम पावडरीत किमान पाच कोटी जिवाणू असायला पाहिजेत. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये युरियाच्या पोत्यांवर ठेवलेल्या पाकिटात त्यातले किती उरत असतील? आणि घरी आणल्यावर आपण काय करतो? बुरशीनाशक, कीटकनाशक, रायझोबियम सगळं एकाच घमेल्यात ओतून बियाणं चोळतो. बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी, आणि बी सावलीत सुकवायचं, एवढंच सांगणं असतं. वरून पेरणीबरोबर भरपूर युरिया दिला तर झाडाला आयता नत्र मिळतो आणि गाठी कमी धरतात. मग दोष जिवाणूंवर येतो.

हे सगळं वाचूनही कळतं. मी जिवाणूंचं एवढं मनावर का घेते, हे मात्र सोनीचं सांगितल्याशिवाय कळणार नाही. ते मी सहसा कुणाला सांगत नाही.

सोनी आमची सगळ्यात शांत गाय. आठवा महिना चालू होता तिला. भावकीत लग्न होतं, आम्ही सगळे मांडवात. जेवणावळी उरकल्यावर अन्न खूप उरलं. भात, पुऱ्या, बुंदी. माझ्या चुलत सासूबाई मोठ्या मायेच्या. अन्न उकिरड्यावर टाकण्यापेक्षा मुक्या जिवाच्या मुखी पडू दे म्हणून त्यांनी पोरांकरवी घमेली भरून गोठ्यात पाठवली. सोनीची गव्हाण दाराशी, तिला सगळ्यात जास्त पडलं. शेजारच्या कालवडीच्या वाट्याला थोडं आलं. बाकीच्या आत बांधलेल्या होत्या.

रात्री उशिरा आम्ही परतलो तेव्हा काही कळलं नाही. पहाटे धारा काढायला गेले तर सोनी उभी होती, पण मान खाली. कडब्याला तोंड लावेना. रवंथ बंद. डावी भकाळी भरलेली, मुठीनं दाबली की आत पाणी हिंदकळल्यासारखं व्हायचं. दात खात होती, तो करकर आवाज माझ्या डोक्यातून आजही जात नाही. शेण पातळ, पिवळट राखाडी, आंबट घाणीचं, आणि त्यात बुंदीचे दाणे जसेच्या तसे.

डॉक्टर आले. नळी घालून त्यांनी पोटातला रस काढला आणि मला दाखवला. निरोगी गाईचा रस हिरवट असतो. हा दुधट राखाडी होता, शिळ्या ताकासारखा वास मारत होता. त्यांनी त्यात कागदाची पट्टी बुडवली आणि रंग बघून म्हणाले, "सामू पाचच्या खाली गेलाय." सामू म्हणजे पीएच, तो जितका खाली तितकी आम्लता जास्त. एरवी तो सहा-सातच्या दरम्यान असतो. मग सोडा, सलाईन, नळीनं पोट धुणं, सगळं झालं. मधेच त्यांनी विचारलं, "दुसरी कुठली गाय चांगली रवंथ करते?" आतल्या गाईच्या घशात नळी घालून त्यांनी दोनेक बादल्या रस काढला, फडक्यातून गाळला आणि कोमट असतानाच सोनीला आणि कालवडीला पाजला. आमचे म्हातारे गडी म्हणाले, आमच्या आज्याच्या काळात चांगल्या जनावराच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी जनावराच्या तोंडात घालायचे. डॉक्टर म्हणाले, तेच करतोय.

दुपारी सोनी बसली ती उठली नाही. संध्याकाळच्या आत गेली. पोटातलं वासरूही गेलं. कालवड दोन-तीन दिवसांनी पुन्हा रवंथ करायला लागली आणि जगली.

ती त्या रसानं जगली का? लोक हेही विचारतात. मला माहीत नाही. तिनं खाल्लंच कमी होतं. कदाचित सोड्यानंच वाचली असती. मी "रसानं वाचली" असं सांगितलं तर गोष्ट ऐकायला छान होईल, पण मी ते सांगणार नाही. चुलत सासूबाईंनी त्यानंतर हा विषय माझ्यासमोर कधी काढला नाही, मीही काढला नाही. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. तरी कित्येक महिने मला त्यांच्याकडे सरळ बघता आलं नाही, हेही खरं आहे.

आत काय झालं ते डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. गाय स्वतः कडबा पचवत नाही. काडी फोडायचं पाचक तिच्या शरीरात तयारच होत नाही. मोठ्या गाईचं कोटीपोट, म्हणजे चारा आधी जिथे जातो ते पहिलं मोठं पोट, शंभर लिटरच्या पुढे भरतं आणि त्यातल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. काडी ते फोडतात, त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते, आणि शेवटी ते जिवाणूच पुढे वाहत जाऊन पचतात, तीच तिची प्रथिनं. एकदम भात आणि साखर पडली की त्यातले लॅक्टिक आम्ल तयार करणारे भराभर वाढतात. आम्लता चढते, काडी फोडणारे मरतात, अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं, आम्ल रक्तात उतरतं. बाहेरून कुठला रोग आला नव्हता. सोनी तिच्याच पोटातल्या जिवाणूंनी गेली.

आणि ऐका, हेच लॅक्टिक आम्लवाले मी दरवर्षी मुद्दाम वाढवते. मुरघास म्हणजे दुसरं काय आहे? मका चिकात आला की कुट्टी करायची, थर देऊन ट्रॅक्टरनं दाबत जायचं, आतली हवा काढायची आणि प्लास्टिकनं घट्ट झाकायचं. मक्याच्या पानावर हे जिवाणू मुळातच असतात. ते साखर खाऊन आम्ल करतात, सामू चारच्या आसपास आला की कुजवणारे सगळे थांबतात आणि चारा महिनोन्‌महिने टिकतो. खड्ड्यात ज्यानं चारा वाचवला, त्याच गटातल्या जिवाणूंनी पोटात गाय मारली. आता मला सांगा, चांगला जिवाणू कुठला, या तुमच्या प्रश्नाला मी कुठलं नाव देऊ?

सोनीनंतर तो रस पाजण्याचा उपाय खरा की खोटा, हे शोधायच्या मागे मी लागले. त्यात ऑस्ट्रेलियाची एक हकिगत हाती लागली. सुबाभूळ आपल्याला बांधावरची. बाएफ या संस्थेनं उरुळी कांचनहून तिचा केवढा प्रसार केला, तो काळ जुन्या लोकांना आठवत असेल. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं. ऑस्ट्रेलियात ती जास्त खाणाऱ्या गुरांचे केस झडायचे, गलगंड व्हायचा. हवाईतल्या शेळ्या मात्र तीच खाऊन धडधाकट होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला शंका आली की फरक पोटातल्या जिवाणूंचा असणार. हवाईच्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले आणि ती सुबाभूळ पचवू लागली. त्या जिवाणूला 1992 साली जोन्स यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सिआय असं नाव दिलं. अलीकडच्या संशोधकांनी त्यावरही प्रश्न काढले आहेत, काही ठिकाणची गुरं या जिवाणूवर फारशी विसंबून नसतात, त्यांचं यकृतच विष बांधून टाकतं, असं दिसलं आहे. पण मला त्यातून जे घ्यायचं ते मी घेतलं. तिथे तो जिवाणू नव्हता, म्हणून आणल्यावर फरक पडला. आमच्या वरच्या तुकड्यातही तेच झालं होतं.

सहा-सात वर्षांपूर्वीची मी असं बोलत नव्हते. ती मी शेतीशाळेत उभी राहून म्हणायची, "बायांनो, पाकीट लावाच, खर्च किती, फायदा किती!" तिच्या आवाजात जोर होता, बाया ऐकायच्या. आज मी "तुमच्या रानात आधी काय पेरलं होतं, गाठी बघितल्या का, पाकीट कुठे ठेवलं होतं" असं विचारते आणि बाया उठून जातात. तिचं सगळं चुकीचं होतं असंही मला वाटत नाही. तिचं ऐकून काहींनी पहिल्यांदा बीजप्रक्रिया केली, ट्रायकोडर्मा लावला. हरभऱ्याचा मर रोग त्यांच्या रानात कमी झाला असं त्या स्वतः सांगतात. जोरात बोलावं की खरं तेवढंच बोलावं, हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

गोठ्यात मी आता काय करते ते सांगते. पेंड एकदम वाढवत नाही, आठ-दहा दिवसांत थोडी थोडी वाढवते. पेंडीच्या आधी कडबा टाकते. उन्हाळ्यात यीस्ट देते. विकणारा एक लिटर दूध वाढेल म्हणतो. माझ्या गाईंचं वाढलं का, ते मला सांगता येणार नाही. रवंथ मात्र नीट चालते आणि शेण घट्ट पडतं, म्हणून देते. लग्नकार्याचं उरलेलं अन्न गोठ्यात येऊ देत नाही. यावरून भावकीत मला कडक समजतात. समजू देत.

राहिलं खालचं जुनं रान. घरचे म्हणतात, तिथे जिवाणू आहेतच, पाकिटाचे पैसे कशाला घालायचे? त्यांचं म्हणणं माझ्याच अनुभवाला धरून आहे, मला खोडता येत नाही. पण मागच्या दोन वर्षांत तिथे बरेच दिवस पाणी साचून राहिलं, आणि अशा जमिनीत आधीचे किती उरले असतील याची मला खात्री नाही. म्हणून यंदा अर्ध्या रानात लावायचं आणि अर्ध्यात नाही, असं मी म्हणते आहे. त्यांना तेही पटलेलं नाही. मी लावणार आहे.