हनुमानासनाची घाई

शनिवार, रात्र

भाची दुपारी राहायला आली आणि आल्या आल्या हॉलमध्ये सतरंजी टाकून बसली. महिन्याभरात तिला हनुमानासन, म्हणजे एक पाय सरळ पुढे आणि एक मागे पसरून जमिनीला टेकवायचं आसन, जमवायचंय, मोबाईलवर कुणीतरी तसं आव्हान दिलंय म्हणे. पाय लांब करून पावलं धरायला हिसके देत होती. दात आवळलेले, श्वास कोंडलेला. "अगं, हळू!" म्हटलं तर म्हणते, "मावशी, दुखल्याशिवाय पाय मोकळे कसे होणार?"

मी तिच्या मांडीखाली हात घातला. हिसका बसला की मागचा स्नायू टणक व्हायचा. तिलाही हात लावून बघायला लावलं. स्नायूला अचानक ओढ बसली की त्यातले चेतातंतू मज्जारज्जूला कळवतात आणि क्षणात उलट हुकूम येतो, आखडून घे. जो स्नायू सैल करायचा, तोच ती आवळत होती.

मग कपाटातून पट्टा काढला. पुण्यात अय्यंगार पद्धतीने शिकलेल्यांच्या घरी पट्टा आणि लाकडी ठोकळा सापडतोच. बी. के. एस. अय्यंगारांनी अशा साधनांमुळे ताठ अंगाच्या माणसालाही आसनात सुखाने बसायची सोय करून दिली, याबद्दल मला त्यांचं फार अप्रूप आहे. बैठकीखाली घोंगडीची घडी, पट्टा तळव्यांना, गुडघे किंचित सैल. पाठ न कुबडवता कमरेतून पुढे. श्वास संथ चालतोय तिथेच थांबायचं, साधारण 30 सेकंद. तिसऱ्या वेळी ती आपोआप थोडी पुढे गेली.

"पण इथे टोचतंय," म्हणून तिने बसायच्या हाडाजवळ बोट ठेवलं, तेव्हा मात्र मी तिला लगेच मागे घेतलं. मांडीच्या मधोमध ओढ जाणवली तर हरकत नाही. हाडापाशी जिथे कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, चिकटलेली असते, तिथली कळ अंगावर काढायची नाही. ती कंडरा एकदा दुखावली की महिनोन्महिने खुर्चीत बसणंसुद्धा नकोसं होतं. गुडघे आणखी वाकवल्यावर टोचणं थांबलं.

पतंजलींच्या योगसूत्रांतलं 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न शिथिल करायला सांगितलंय, ते फारसं कुणी म्हणत नाही. मला तर तेच जास्त मोलाचं वाटतं. सुरुवातीच्या आठवड्यांत आपण अधिक वाकू लागतो ते मुख्यतः स्नायू लांबल्यामुळे नव्हे, तर मज्जासंस्था तेवढा ताण सोसायला तयार होते म्हणून. मज्जासंस्थेला धाकात ठेवून ते कसं होणार?

शिवाय खुब्याच्या हाडांची ठेवण प्रत्येकाची निराळी. काहींचे पाय पूर्ण जमिनीला टेकणारच नाहीत, कितीही वर्षं केलं तरी. हे ऐकून भाची जरा हिरमुसली. तरी आव्हानाचा हट्ट तिने सोडलाय, आठवड्यातून तीनदा करायचं ठरलंय.

उद्या सकाळी ती टेकडीवर धावायला जाणार आहे. आधी भरभर चालणं, पाय झुलवणं, गुडघे उचलणं एवढंच. पट्टा घेऊन बसायचं ते परत आल्यावर, अंग गरम असताना.