नोटीस, जबानी आणि मौन : पोलीस चौकशीचा माझा अनुभव

ज्या पतसंस्थेत मी रोखपाल आहे तिथल्या हिशोबात तफावत निघाली, संशयितांमध्ये माझेही नाव आले आणि उत्तर गोव्यातील एका पोलीस स्थानकातून ‘उद्या येऊन जा’ असा फोन आला. म्हापशातील आमच्या वकीलबाईंनी आधी नोटिशीची चौकशी केली. अटकेची गरज नसेल तिथे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३५(३) खाली लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. मी तसे नम्रपणे कळवल्यावर हवालदार घरी नोटीस देऊन गेले. नोटिशीचे पालन करणाऱ्याला, कारणे नोंदवल्याशिवाय, त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. त्यामुळे वेळेवर हजर राहण्यात माझेच हित होते.

उपनिरीक्षक कोकणीतून विचारत होते, मी कोकणी-मराठीतून सांगत होतो आणि जबानी इंग्रजीत टंकली जात होती. प्रत्येक परिच्छेद वाचून दाखवण्याची विनंती मी केली, आणि ती केली नसती तर ‘तिजोरीची एक चावी माझ्याकडे असते’ या वाक्याचे ‘चावी माझ्याकडेच असते’ असे झालेले मला कळलेच नसते. त्यांनी ते दुरुस्त केले. पुढे ‘पैसे कुठे ठेवलेस?’ असा, गुन्हा गृहीत धरणारा प्रश्न आला, तेव्हा मी उत्तर देण्यास नकार दिला. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०(३) चे संरक्षण पोलीस चौकशीतही मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मान्य केले आहे. आवाज चढला, पण प्रश्न बदलला. शेवटी जबानीवर सही मागितली गेली; नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ नुसार ती घेता येत नाही, एवढेच मी म्हणालो. नोटीस मिळाल्याची पोच मात्र मी आधीच सही करून दिली होती.

बाहेर बाकावर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मुलाला सकाळीच आत नेले होते आणि त्याला अटक झाली की नाही, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. मला सर्वांत अस्वस्थ केले ते याच गोष्टीने, कारण हातात नोटीस असलेला मी तासाभराने घरी जाणार होतो. ‘काका, अटक असेल तर तिचा पंचनामा असतो, त्याच्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही लागते, आणि तुम्हांला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे,’ असे वकीलबाईंनी त्यांना सांगितले. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते, वैद्यकीय तपासणी होते, चौकशीदरम्यान वकिलांना भेटता येते, पण ते पूर्ण वेळ सोबत बसू शकत नाहीत, हेही त्यांनी समजावले आणि मोफत वकिलासाठी १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक लिहून दिला.

काकांनी आत जाऊन थेट विचारले, तेव्हा अटकेची नोंद त्यांना दाखवली गेली. दुसऱ्या दिवशी मुलाला न्यायालयात नेले तेव्हा मोफत वकील त्याच्या बाजूने उभे होते. माझ्या प्रकरणाचा तपास अजून चालू आहे.