सहा उंदीर का, पाच का नाहीत?

एम. फार्म.ला शेवग्याच्या पाल्याचा अर्क आणि रक्तक्षय असा विषय घेतला. पन्हाळ्याच्या वाटेवर मामाच्या बांधावर शेवगा आहे, पाला तिथलाच. सावलीत वाळवला, सॉक्सलेटला, म्हणजे अर्क काढायच्या काचेच्या उपकरणाला लावला, अर्क निघाला. अडकले ते प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत, आणि त्या चार महिन्यांचा राग अजून गेलेला नाही.

उंदरांवर प्रयोग करायचा तर प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा १९६० चा कायदा आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांचे १९९८ चे नियम आहेत. 'फॉर्म बी' हा परवानगीचा अर्ज भरून मंजुरी आल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावता येत नाही. सीनियरचा प्रबंध समोर ठेवून मी लिहिलं: सहा गट, प्रत्येकी सहा, एकूण ३६. दोन महिने बैठकच झाली नाही. झाली तेव्हा फॉर्म परत, शेरा एकच: 'संख्येचे समर्थन करा.' समर्थन म्हणजे नेमकं काय, कुणी सांगेना. ऑफिसात गेलं की सरांना विचारा. सर म्हणाले, सगळे सहाच घेतात, तसंच लिही. लिहिलं. पुढच्या बैठकीतून पुन्हा तोच शेरा. बाहेरच्या बाकावर बसून मला रडू आलं होतं.

शेवटी स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमनी वहीत करून दाखवलं. एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करायची; उत्तर १० ते २० मध्ये आलं की प्राणी पुरेसे. माझं उत्तर ३०. म्हणजे मी खरोखरच जास्त जीव मागत होते. अर्काच्या १०० मिग्रॅ डोसचा गट काढला, पाच गट, प्रत्येकी पाच: २५ वजा ५, वीस. मंजुरी मिळाली. कमिटीचा प्रश्न बरोबरच होता, हे मी मानते. पण ही एक ओळ फॉर्मसोबत दिली असती तर अकरा उंदीर वाचवायला चार महिने लागले नसते!

प्रयोगासाठी उंदरांत रक्तक्षय फेनिलहायड्राझिन या रसायनाने आणतात, त्याने तांबड्या पेशी फुटतात. अर्क न दिलेल्या गटाचंही हिमोग्लोबिन काही दिवसांत आपोआप चढतं. म्हणून तो गट कधीही कमी करू नका. नुसतं 'वाढलं' म्हणून काही सिद्ध होत नाही, त्या गटापेक्षा लवकर वाढलं का ते बघायचं. माझ्याकडे ४०० मिग्रॅच्या गटाचं तसं लवकर वाढलं, आणि तो तक्ता मी घरी सगळ्यांना दाखवला.

रक्त काढताना ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याची) नळी लगेच हलक्या हाताने उलटसुलट करा, माझे पहिले तीन नमुने गोठले. २०० ग्रॅमच्या उंदरात रक्त जेमतेम १३ मिली असतं, एका वेळी एक मिलीच्या वर घेऊ नका. आणि नमुने साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये देऊ नका. उंदराची तांबडी पेशी माणसाच्या पेशीपेक्षा बरीच लहान, त्यामुळे माणसांसाठी लावलेल्या मशीनवर आकडे चुकतात. प्राण्यांची सेटिंग आहे का, आधी विचारा.

एक राहिलंच. वनस्पती ओळखीचा दाखला घ्यायला जाताना फुला-शेंगांसकट फांदी न्या. मी नुसता पाला नेला होता. मग मामाने शेंगांची फांदी गोणपाटात बांधून एसटीने पाठवली.