तुम्ही विचारलंत म्हणून: शाळांच्या प्रमुखाला मत कशाला?

दर चार वर्षांनी ऑक्टोबर उजाडला की माझ्या फोनवर एकसारखे फोटो यायला लागतात. टपालानं आलेलं कॅलिफोर्नियाचं बॅलट, त्यातल्या एका ओळीवर ठेवलेलं बोट, आणि खाली प्रश्न: "ताई, हे कोण? ह्यांना मत द्यायलाच हवं का?" ओळ असते 'सुपरिंटेंडंट ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन'ची, म्हणजे राज्याच्या सरकारी शाळांच्या प्रमुखाची. नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो, त्यामुळे नेहमीचा आधारही सुटतो. साताऱ्याहून मामाचा फोन आला की तो हेच दुसऱ्या टोकानं विचारतो: "तुमच्याकडे शिक्षणमंत्री थेट लोकच निवडतात म्हणे? बरं आहे की मग तुमचं!"

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या एका गावात, शाळेतल्या विशेष शिक्षणाच्या वर्गात मदतनीस आहे. अकरा वर्षं झाली. म्हणून हा प्रश्न फिरून माझ्याकडे येतो. आजवर ज्याला त्याला तुकड्यातुकड्यांत सांगत आले, आता एकदा सगळं बसून लिहिते.

आधी मामाचं. महाराष्ट्रात शालेय शिक्षणमंत्री निवडून येतात ते आमदार म्हणून. खातं मुख्यमंत्री देतात, आणि उद्या बदलूही शकतात. अमक्यांना शिक्षण खातं मिळावं म्हणून कुणी मशीनचं बटण दाबत नाही. कॅलिफोर्नियात मत त्या खुर्चीलाच असतं. इथली पहिली राज्यघटना 1849 ची, म्हणजे राज्य म्हणून मान्यता मिळण्याच्याही आदल्या वर्षीची. शाळांचा प्रमुख लोकांनी निवडायचा हे तिच्यातच लिहिलेलं होतं. मुदत आता चार वर्षांची, आणि दोनदाच निवडून येता येतं.

इथवर मामा खूश असतो. पुढचं ऐकलं की गप्प होतो. खुर्ची लोकांनी दिली खरी, पण बहुतेक किल्ल्या दुसऱ्यांच्या कमरेला आहेत. मुलांनी काय शिकावं ह्याचे निकष आणि आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तकं राज्याचं शिक्षण मंडळ मंजूर करतं. (आपल्या दहावी-बारावीच्या बोर्डाशी गल्लत नको, हे धोरण ठरवणारं मंडळ आहे.) त्याचे 11 सदस्य, त्यांतला एक चक्क शाळेत शिकणारा विद्यार्थी, आणि सगळे गव्हर्नरनं नेमलेले. (इथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, लोकांनी निवडलेला राज्याचा कारभारी, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा.) पैसा विधिमंडळ आणि गव्हर्नर ठरवतात. 2013 पासून डोईमागे ठरावीक रक्कम, आणि गरीब घरातली, इंग्रजी शिकत असलेली किंवा आईवडिलांऐवजी दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलेली (फॉस्टर) मुलं असतील तर त्यावर जादा, असं सूत्र आहे. शिक्षक नेमणं, पगाराची बोलणी, कुठली शाळा बंद करायची, हे सगळं गावच्या डिस्ट्रिक्टचं, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचं, निवडून आलेलं स्कूल बोर्ड बघतं. निवडून आलेल्या प्रमुखाकडे उरतं ते राज्याचं शिक्षण खातं चालवणं. धोरण मंडळाचं आणि अंमल प्रमुखाचा, हा वाद बिल होनिग प्रमुख असताना कोर्टापर्यंत गेला आणि 1993 मध्ये निकाल मंडळाच्या बाजूनं लागला.

राज्यात सुमारे 10,000 सरकारी शाळा आहेत. त्यांतल्या थेट ह्या खात्याकडून चालवल्या जाणाऱ्या विशेष शाळा फक्त तीन: फ्रीमाँट आणि रिव्हरसाइडच्या कर्णबधिर मुलांच्या दोन, आणि फ्रीमाँटचीच अंध मुलांची एक. फ्रीमाँटमधली किती मराठी कुटुंबं रोज त्यांच्यावरून गाडीनं जातात, आणि आत काय आहे हे माहीतही नसतं.

"मग एवढ्याशा अधिकारासाठी मत कशाला?" हा खरा प्रश्न, आणि तुमच्यातल्या बहुतेकांना हाच विचारायचा असतो.

मला त्याचं उत्तर एका स्वयंपाकघरात मिळालं. आमच्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. उशिरा बोलायला लागलेला. शाळेनं त्याच्यासाठी जो लेखी आराखडा केला, त्यात आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास वाचा-उपचार लिहून दिले होते. हा आराखडा कायद्यानं बांधलेला असतो, सवडीनं पाळायचा नसतो. ऑक्टोबरच्या मध्यावर थेरपिस्ट नोकरी सोडून गेली आणि जागा रिकामीच राहिली. विचारलं की उत्तर यायचं, "आम्ही शोधतो आहोत." शोधत असतीलही. थेरपिस्ट मिळणं सगळीकडेच अवघड आहे, हे मी आतून बघते. पण त्या चार महिन्यांत मुलाची जीभ 'क' आणि 'ट' मध्ये अडकली होती, आणि वर्गात कुणाला कळत नाही म्हणून त्यानं बोलणंच कमी केलं होतं.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी तिच्याकडे गेले. फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय लटकत होतं, जुन्या वर्षाचंही तिनं काढलेलं नव्हतं. ज्या ज्या मंगळवारी आणि गुरुवारी थेरपी बुडाली, त्या तारखेभोवती लाल पेन्सिलीनं गोल केलेला. एका चौकोनात संकष्टी, चंद्रोदयाची वेळ, आणि त्याभोवती लाल गोल. सुट्ट्या वजा करून आम्ही मोजले. 29 भरले. म्हणजे साडेचौदा तास. ती मला म्हणाली, "मी रोज विचारत होते गं, मला वाटलं विचारणं म्हणजेच तक्रार."

त्या दुपारी आम्ही सॅक्रामेंटोला, राज्याच्या शिक्षण खात्याला पत्र लिहिलं. विशेष शिक्षणाच्या तक्रारीला वकील लागत नाही, फी नाही, डिस्ट्रिक्टची परवानगीही नाही. खात्यानं 60 दिवसांत चौकशी करून लेखी निर्णय द्यायचा असतो. तो आला. डिस्ट्रिक्टनं आराखडा पाळला नाही असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि बुडालेले सगळे तास भरून द्यायचा आदेश होता. कागदाच्या माथ्यावर खात्याचं नाव आणि त्याखाली निवडून आलेल्या प्रमुखाचं. त्यांनी ते पत्र वाचलंही नसेल, सही कुणा अधिकाऱ्याची होती. पण तक्रारी हाताळणारा विभाग मजबूत ठेवायचा की त्यातल्या जागा रिकाम्या ठेवायच्या, नियम मोडणाऱ्या डिस्ट्रिक्टचा पिच्छा पुरवायचा की फाइल बंद करायची, हा कल वरूनच खाली येतो. तो कल ठरवणाऱ्या माणसाला मी मत देऊ शकते आणि चार वर्षांनी काढूही शकते, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा हाताला लागली.

आणखी एक प्रसंग मी सगळ्यांना सांगते, कारण तो आमच्या खाडीच्याच काठचा आहे. 1991 च्या वसंतात रिचमंडच्या शाळांच्या डिस्ट्रिक्टकडचे पैसे संपले. वर्ष संपायला सहा आठवडे राहिलेले असताना सगळ्या शाळांना कुलूप लावायचं ठरलं. मुलं 31,000 च्या वर. पालक कोर्टात गेले. राज्य सरकारचं म्हणणं, डिस्ट्रिक्टनं पैसा उधळला, आम्ही काय करणार? कोर्टानं सांगितलं, रिचमंडच्या मुलानं जन्म घेताना डिस्ट्रिक्टचा हिशेब तपासलेला नव्हता. शब्द माझे आहेत, पण अर्थ हाच: शेजारच्या गावातल्या मुलांना पूर्ण वर्ष आणि ह्यांना अर्धवट, असं राज्याला करता येणार नाही, शेवटची जबाबदारी राज्याची. शाळा उघड्या राहिल्या. राज्यानं कर्ज दिलं, आणि डिस्ट्रिक्टचा कारभार काही काळ राज्याच्या शाळाप्रमुखाच्या हाती गेला, त्यांनी तिथे प्रशासक बसवला. 1992 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही मुलांच्या हक्काचा तो मुद्दा उचलून धरला. एरवी हातात फारसं काही नसलेला हा माणूस त्या वेळी एकदम सगळ्यांत मोठा झाला, आणि तो कोण आहे हे बघायला तेव्हा उशीर झालेला होता.

ह्या खुर्चीवर बसलेल्यांत मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते विल्सन राइल्स. 1970 च्या निवडणुकीत खुर्चीवर असलेल्या मॅक्स रॅफर्टींना हरवून ते आले. कॅलिफोर्नियात राज्यभरातून निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांनी नोकरीची सुरुवात ॲरिझोनात अपाची लोकांच्या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत केली होती. माझे बाबा पाटण तालुक्यात एकशिक्षकी शाळेवर नऊ वर्षं होते. चार इयत्ता एका खोलीत, पहिलीला पाटीवर बाराखडी देऊन चौथीला भागाकार शिकवायचा. त्यामुळे हा तपशील वाचला तेव्हा मी पान उलटायची थांबले होते. राइल्सांच्या काळात विशेष शिक्षणाचा राज्यव्यापी आराखडा तयार झाला आणि पुढे कायद्यात आला. मी ज्या वर्गात काम करते तो वर्ग कसा असावा, ह्याचा विचार ह्या राज्यात तिथून पुढे आलेला आहे.

आता उलट बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर माझं उत्तर अर्धवट राहील. 1884 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मेमी टेप नावाच्या आठ वर्षांच्या चिनी मुलीला शाळेनं दारातून परत पाठवलं. आईवडील कोर्टात गेले. तेव्हाचे राज्याचे शाळाप्रमुख विल्यम वेल्कर तिला बाहेर ठेवणाऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले. 1885 मध्ये कोर्टानं निकाल मेमीच्या बाजूनं दिला, तर विधिमंडळानं लगोलग चिनी मुलांसाठी वेगळ्या शाळांचा कायदा केला. लोकांनी निवडला म्हणून माणूस सगळ्याच मुलांचा होतो असं नाही. त्या लोकांत मेमीच्या घरच्यांना मत नव्हतं. हे मला दर निवडणुकीत आठवतं.

अमेरिकेत आज जेमतेम डझनभर राज्यांत हे पद निवडणुकीनं भरतात. बाकीच्यांत गव्हर्नर किंवा मंडळ नेमतं. इंडियानानं 2021 पासून निवडणूक बंद केली. साउथ कॅरोलायनात 2018 मध्ये नेमणुकीचा प्रस्ताव मतदारांसमोर ठेवला, तो त्यांनी फेटाळला. आणि नॉर्थ डकोटात 1892 मध्ये ह्याच पदावर लॉरा आयझनहथ निवडून आल्या, राज्यपातळीवर निवडून आलेल्या देशातल्या पहिल्या महिला. देशभरातल्या बायकांना मताचा हक्क मिळायला तेव्हा आणखी 28 वर्षं होती. नेमलेला माणूस गव्हर्नरच्या सुरात सूर मिसळून काम करतो, कामं भराभर होतात, हा मुद्दा मला पटतो. तरीही मी निवडणुकीच्या बाजूनं आहे. मुलांचे तास बुडाले तर गव्हर्नरच्या शंभर कामांत ते शंभरावं असेल. ह्या एका माणसाला दुसरं काम नाही.

2018 मध्ये इथे ह्याच पदासाठी उभे असलेल्या टोनी थर्मंड आणि मार्शल टक ह्यांच्यातला निकाल दोन लाखांहून कमी मतांनी लागला. गव्हर्नरला मत देऊन ही ओळ कोरी सोडणारे त्याहून कितीतरी जास्त होते. म्हणून फोटो पाठवलात की मी आधी एवढंच म्हणते, कोरी सोडू नका. कुणाला द्यायचं ते मी सांगत नाही. उमेदवार करांबद्दल आणि शिक्षकांच्या पगाराबद्दल काय बोलतो ते ऐकून सोडून द्या, ते त्याच्या हातात नाही. तक्रारी, बुडीत चाललेली डिस्ट्रिक्ट्स, विशेष शिक्षण ह्यांबद्दल तो काय बोलतो ते बघा. काहीच बोलत नसेल तर तेही लक्षात घ्या.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांना इथे मत नाही हे मला माहीत आहे. व्हिसावर आहात, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहात. माझ्या मैत्रिणीलाही तेव्हा मत नव्हतं. पण तक्रारीच्या अर्जावर नागरिकत्वाचा रकाना नाही. मुलाचं नाव, शाळा, काय कबूल केलं होतं, कुठल्या तारखांना मिळालं नाही आणि आता काय हवं, इतकं लिहा. एक प्रत डिस्ट्रिक्टला पाठवा. घडून वर्ष उलटायच्या आत पाठवा. लिहिताना कुठे अडलं तर फोन करा, शनिवारी दुपारी मी घरीच असते. येताना कॅलेंडर घेऊन या.