बढतीचा अर्ज आणि माझी तीन आडनावे

ऱ्हुमॅटिक हृदयविकारावर, म्हणजे लहानपणी घशाला झालेल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंच्या संसर्गानंतर हृदयाच्या झडपा आखडत जातात त्या आजारावर, मी गेली अठरा वर्षे काम करते. बढतीच्या अर्जात शोधनिबंधांची यादी, प्रत्येकाची सायटेशन्स, म्हणजे तो निबंध इतर निबंधांत किती वेळा उद्धृत झाला ती संख्या, आणि माझा एच-इंडेक्स भरायचा होता. एच-इंडेक्स नऊ म्हणजे प्रत्येकी किमान नऊ सायटेशन्स मिळालेले नऊ निबंध. यादी आणि सहलेखकांच्या सह्या चार दिवसांत झाल्या. पुढचे अडीच महिने माझ्या आडनावापायी गेले.

वडिलांच्या पोर्तुगीजकालीन जन्मदाखल्यावरचे 'कामोतीं' हेच आडनाव माझ्याही दाखल्यावर आले. रोमन लिपीत ते 'सी'ने सुरू होते, आणि माझे पहिले दोन निबंध त्याच नावाने छापले गेले. पुढे नाव व आडनाव बदलाच्या १९९० च्या गोव्यातील कायद्याखाली मी 'के'ने सुरू होणारे 'कामत' करून घेतले, त्या नावाने चार निबंध आले. लग्नानंतरचे सात निबंध सासरच्या आडनावाने आहेत. अर्जासाठी जो सशुल्क डेटाबेस ग्राह्य होता, त्यात या तीन नावांची तीन वेगळी प्रोफाइल होती आणि त्यांचे एच-इंडेक्स होते दोन, चार आणि सहा.

अर्ज जिथे द्यायचा होता त्या पणजीच्या कार्यालयात मी तिन्ही प्रिंटआउट ठेवले. पहिल्या टेबलावर उत्तर मिळाले, "मॅडम, सध्याच्या नावापुढे सहा आहे, आम्ही सहाच धरणार." दुसऱ्या टेबलावरच्या गृहस्थांना माझी दया आली असावी, ते म्हणाले, "तिन्हींची बेरीज करून बारा लिहा, मी पुढे पाठवतो." मी नकार दिला, कारण बारा हा आकडा खोटा होता. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडलेल्या या निर्देशांकाची बेरीज होत नाही. मी तिथेच प्रिंटआउटच्या मागे सगळी सायटेशन्स उतरत्या क्रमाने लिहिली: ४०, २२, १८, १५, १४, १२, ११, १०, १०, ९, ९, ६, ४. नवव्या निबंधाला दहा सायटेशन्स आहेत, दहाव्याला नऊच. म्हणून एच-इंडेक्स नऊ. गृहस्थांनी तो कागद दोनदा वाचला, त्यांना तो पटलाही, पण पेन्सिलीने केलेला हिशेब फाइलला लागत नाही.

प्रोफाइल एकत्र करण्याची डेटाबेसकडे केलेली माझी पहिली विनंती नावे आणि संस्था जुळत नाहीत या कारणावरून फेटाळली गेली. दुसऱ्या वेळी नावबदलाचे राजपत्र, विवाह नोंदणीचा दाखला आणि तेराही निबंधांची पहिली पाने जोडली. पाच आठवडे काहीच उत्तर नाही. मुदत जवळ येत होती, आणि सकाळी ओपीडीला बसण्याआधी मोबाइलवर ते पान उघडण्याची मला सवयच लागली. शेवटी प्रोफाइल एकत्र झाले, पण त्यात काजूच्या बोंडांवरचा कोणा दुसऱ्या कामतांचा निबंध शिरला होता. त्याने आकडा वाढत असला तरी तो काढून टाकायला मी त्याच दिवशी कळवले आणि आणखी बारा दिवस थांबले.

ज्यांचा पहिला निबंध अजून छापायचा आहे त्यांनी आजच ऑर्किडचा (ORCID), म्हणजे संशोधकाची कायमची ओळख ठरणारा, सोळा अंकी क्रमांक घ्यावा आणि प्रत्येक निबंधासोबत द्यावा. ही सोय २०१२ पासून विनामूल्य आहे, आडनाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. आणखी एक गोष्ट: इम्पॅक्ट फॅक्टर हा नियतकालिकाचा असतो, आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना त्या वर्षी मिळालेल्या सायटेशन्सवरून काढलेला. तो लेखकाचा गुण म्हणून लिहू नये, आणि रकान्यात वर्ष अवश्य घालावे. हृदयरोगातल्या मार्गदर्शक सूचनांवर अनेक लेखकांची नावे असतात आणि त्यांना हजारो सायटेशन्स मिळतात. त्यांच्याशी झडपांच्या आजारावरच्या कामाची तुलना कोणी केली, तर ती तिथल्या तिथे लेखी खोडावी. श्रीमंत देशांतून जवळजवळ हद्दपार झालेल्या या आजारावर लिहिणारेच थोडे आहेत, मग उद्धृत करणारे कुठून येणार? माझ्या चाळीस सायटेशन्सच्या निबंधाचा मला मनापासून अभिमान आहे.

प्रिंटआउटवर तारीख दिसायलाच हवी, नाहीतर तो परत येतो. माझ्या प्रिंटआउटवर ती होती, एच-इंडेक्स नऊ होता आणि सायटेशन्स १८०. मुदतीच्या तीन दिवस आधी आवक क्रमांक हातात पडला.