आमची वाटचाल: खजूर-अक्रोडाची वडी आणि एक खोटं लेबल

साखर काढली, खजूर घातला, की झाला पदार्थ पौष्टिक, असं आमच्या धंद्यात बरेच जण धरून चालतात. गिरगावातल्या आमच्या स्वयंपाकघरात हे कधीच चाललं नाही. ग्रीस, दक्षिण इटली, स्पेन इथल्या जुन्या घरांत जेवणाचा शेवट फळाने होतो, मिठाई सणासुदीला आणि तीही थोडी. मी आणि माझी नणंद, दोघींनी त्या भूमध्यसागरी आहारातून तीनच पदार्थ बसवले: खजूर-अक्रोड वडी, अंजीर-बदाम लाडू, आणि ऑलिव्ह तेल, दही व संत्र्याची साल घातलेला रव्याचा केक.

नणंदेची शिस्त कडक. अक्रोड मिक्सरमध्ये टाकायचा नाही, तेल सुटतं आणि वडी चिकट होते. सुरीनेच कापायचा. वेलची सासूबाईंच्या पितळी खलबत्त्यात. प्रत्येक वडी काट्यावर, 20 ग्रॅम. हाच आहार आणि हृदयविकार यांवरच्या स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात (2013 मध्ये आला, 2018 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा छापला गेला) एका गटाला रोज 30 ग्रॅम सुकामेवा देत, त्यातला निम्मा अक्रोड. ते तिने वहीत लिहून ठेवलं होतं. अक्रोड महागला तरी वडीतला कमी करू दिला नाही.

मग उपनगरातल्या एका मोठ्या मिठाईवाल्याने आमचीच वडी आणली. तोच आकार, वर तसाच अर्धा अक्रोड, भाव आमच्यापेक्षा कमी, आणि डब्यावर ठळक अक्षरांत ‘शुगर फ्री’. खजुरात वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त साखरच असते हो! नियमाप्रमाणे ‘शुगर फ्री’ म्हणायला 100 ग्रॅममध्ये साखर 0.5 ग्रॅमच्या वर चालत नाही. आम्ही छापत होतो, ‘वेगळी साखर घातलेली नाही, खजुराची नैसर्गिक साखर आहे.’ खरं छापलं, म्हणून गिऱ्हाईक विचारायचं, “त्यांची शुगर फ्री, मग तुमची का नाही?” ऑफिसांच्या दिवाळीच्या ऑर्डरी एकामागून एक तिकडे गेल्या. त्यातच स्पेनच्या दुष्काळाने 2023 मध्ये ऑलिव्ह तेलाचे भाव भडकले. केक विकून तेलाचेही पैसे निघेनात. ओव्हन विकायचं ठरतच होतं. नणंदेने आपला वाटा घेणं बंद केलं, मशीद बंदरच्या व्यापाऱ्याने उधारीवर माल दिला, म्हणून शटर उघडं राहिलं.

आणि हिंदू कॉलनीतले आमचे एक काका. मधुमेह जुना, पण आमची एक वडी रात्रीच्या जेवणानंतर ठरलेली. ‘शुगर फ्री’ वाचून त्यांनी त्या दुकानाच्या चार वड्या एकदम खाल्ल्या, आणि ग्लुकोमीटरवरचा आकडा बघून हादरले. दुसऱ्या दिवशी दोन्ही डबे पिशवीत घालून ते ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत गेले, भिंग घेऊन दोन्ही लेबलं मोठ्याने वाचून दाखवली. आमच्या दुकानात येऊन म्हणाले, “वहिनी, तुमची वडी गोड आहे असं तुम्ही सांगता, म्हणून मी एकच खातो.” त्या संघातून ऑर्डरी सुरू झाल्या, मग त्यांच्या सुना-मुलींच्या. त्या दुकानाने पुढे लेबल गुपचूप बदललं. चुकलं असं कुणाला सांगितलं नाही, आणि आमची गेलेली ऑफिसं अजूनही सगळी परत आलेली नाहीत. हे मला आजही लागतं.

तुम्ही घरी करणार असाल तर सांगते. डब्याच्या पुढचं वाचू नका, मागचं वाचा: लिक्विड ग्लुकोज, माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोडव्याचं द्रव्य), गुळाची पावडर सगळं तिथे असतं. गूळ म्हणजेही साखरच. अक्रोड पावसाळ्यात बाहेर ठेवू नका, मुंबईच्या दमट हवेत लवकर खवट होतो. घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. मंद आचेवर हलका भाजा, रंग बदलायच्या आत उतरवा, कढईत राहिला तर करपतो. केकला लोण्याऐवजी ऑलिव्ह तेल घातलंत तर फ्रिजमधून काढल्यावरही तो दगड होत नाही. आणि कितीही चांगला माल वापरलात तरी वडी छोटीच पाडा.

दिवाळीच्या ऑर्डरी आम्ही नवरात्रात घ्यायला लागतो. काश्मीरचा नवा अक्रोड त्याच सुमाराला बाजारात येतो. नणंद आधी एक फोडून चावून बघते, मगच किती डबे घ्यायचे ते ठरतं.